तळहातावरचा वाटाड्या

रानात वाट चुकून माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी आला, म्हणजे ‘त्याला चकवा लागला’ असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणत. चकवा हे वाटसरूला रात्रभर फिरविणारे भूत आहे, अशी समजूत होती. भूत खोटे, पण ते फिरणे मात्र खरे. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी काही माणसांना एका मोठ्या अरण्यात सरळ चालावयास सांगितले. सूर्य दिसत असता ती जवळजवळ सरळ चालली. आभाळ झाकोळलेले असता मात्र, आपण सरळच जात आहो अशा समजुतीने, ती वर्तुळात फिरली. या प्रयोगाचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. दूरची खूण दिसेनाशी झाली की आपलेच पाय आपल्याला फसवितात.

सह्याद्रीत पावसाळ्यात याचा प्रत्यय सहज येतो. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वराहून तोलार खिंडीच्या वाटेने जाणाऱ्यास माथ्यावर बरेच चालावे लागते, तेव्हा कोठे हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ दिसते. मध्येच धुके दाटले, तर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. याच गडाच्या पश्चिमेस आत वळलेला, प्रचंड असा कोकणकडा आहे. अशा ठिकाणी ‘मी कोठे आहे?’ हा प्रश्न जिवाचा होऊन बसतो.

या प्रश्नाचे उत्तर देणारे, मुठीत मावणारे एक यंत्र आज अनेक गिर्यारोहकांजवळ असते. त्यास जी. पी. एस. यंत्र म्हणतात. अमेरिकेने या योजनेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. १९९५ साली योजना पूर्णत्वास गेली. किमान २४ उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकावर अत्यंत अचूक असे अणुघड्याळ असते. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे,’ असे तो रेडिओलहरींनी अखंड सांगत असतो. या लहरी सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतात. संदेश येण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र त्या उपग्रहाचे अंतर काढते. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते! यंत्रातील साधे घड्याळ इतके अचूक नसते. ती चूक सुधारण्यासाठी तीनऐवजी चार उपग्रहांचे संदेश घ्यावे लागतात.

पूर्वी सामान्य लोकांसाठीच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० मध्ये ती पद्धत बंद झाली आणि उघड्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंत अचूक स्थान कळू लागले. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर याने रानात वस्तूंनी भरलेली बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. यंत्राच्या साहाय्याने ठेवा शोधण्याचा हा खेळ पुढे अनेक देशांत पसरला.

मुलांनो, हे यंत्र ऐकते, बोलत नाही. त्यामुळे जेथे मोबाइलची लहर पोहोचत नाही, तेथेही ते काम करते. पण तुम्ही संकटात आहात, हे साधे यंत्र कोणास कळवीतही नाही. अरुंद घळीत लहरी कड्यांवर आपटून येतात आणि स्थान चुकते. कड्याच्या धारेवर ती काही मीटरांची चूकही भारी पडते. शिवाय यंत्राचा बाण मुक्कामाची सरळ दिशा दाखवितो. मध्ये दरी आहे की ओढा, हे त्या बाणास ठाऊक नसते.

म्हणून जाणते गिर्यारोहक निघण्यापूर्वीच पायथ्याचे स्थान यंत्रात नोंदवितात. चाललेली वाट यंत्र साठवून ठेवते; धुके आल्यास तिच्याच आधाराने, डोळ्यांत तेल घालून, ते मागे फिरतात. जास्तीचे विद्युत्घट, कागदी नकाशा आणि होकायंत्र ते जवळ बाळगतात. गावातील वाटाड्याचा सल्लाही ते घेतात, कारण कोणती वाट पावसात निसरडी होते, हे त्यास ठाऊक असते. ‘तू येथे आहेस’ एवढे यंत्र सांगते. पुढे जावे की परतावे, हे आपल्या विवेकानेच ठरवावयाचे असते.

शब्दार्थ : झाकोळणे – ढगांनी अंधारून येणे, घळ – दोन कड्यांमधील अरुंद जागा, प्रत्यय – अनुभव.

स्वाध्याय
१. ‘चकवा लागणे’ याचा खरा अर्थ लेखकाने कसा उलगडला आहे?
२. यंत्रास चार उपग्रहांचे संदेश का लागतात?
३. बाण सांगतो त्या दिशेने सरळ चालत जाणे धोक्याचे का?
४. ‘डोळ्यांत तेल घालणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.