टॉलपडल गांवचे सहा शेतमजूर

वाचकहो, इंग्लंड देश म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें मोठालीं शहरें, गिरण्या, आगबोटी आणि पक्क्या इमारती उभ्या राहतात. त्या देशांतहि मातीच्या भिंतींचीं व गवतानें शाकारलेलीं घरें होतीं, आणि आठवड्याच्या मजुरीवर कसेंबसें पोट भरणारीं माणसें त्यांत राहत असत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अशाच एका गांवाची हकीकत ह्या पाठांत सांगावयाची आहे. गांवाचें नांव टॉलपडल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत डॉर्सेट नांवाचा परगणा आहे. त्याचें मुख्य शहर डॉर्चेस्टर. तेथून सात-आठ मैलांवर, पिडल नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. गांवांत सेंट जॉनचें जुनें दगडी उपासनामंदिर आहे, हिरवळीचा एक तुकडा आहे, आणि त्यावर सिकॅमोर जातीचें एक विशाल झाड आहे. (जक्कय ज्या झाडावर चढला त्याचें इंग्रजी नांव असेंच आहे, परंतु तें उंबराच्या कुळांतलें. हें झाड निराळें. त्याचीं पानें पंजाच्या आकाराचीं असून हिवाळ्यांत सर्व गळून पडतात.)

शंभर-दोनशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजी गांवाची रचना समजल्याखेरीज पुढील गोष्ट नीट समजणार नाहीं. प्रत्येक गांव म्हणजे एक पॅरिश. पॅरिश हा उपासनेचा घटक तसाच कारभाराचाहि. पाळक सरकारमान्य मंडळीचा असे आणि गांवच्या पिकाचा दशमांश त्याच्या निर्वाहासाठीं द्यावा लागे, मग देणारा त्या मंडळीचा असो वा नसो. गरिबांस मदत करण्यासाठीं जमीन कसणारांवर कर बसे, आणि तो पैसा वांटण्याचें काम गांवांतल्याच कांहीं प्रतिष्ठित शेतकऱ्यांकडे असे. म्हणजे जो मालक मजुरी ठरवी, त्याच्याच हातीं उपाशी मजुराला मदत देण्याची किंवा नाकारण्याची सत्ता. ह्या व्यवस्थेंत चांगला मनुष्य चांगलें करी हें खरें. पण वाईट मनुष्यास आवरणारें तींत फारसें कांहीं नव्हतें.

पूर्वीं गरीब मनुष्यास गायरानाचा थोडा आधार असे. तेथें एखादी गाय चारावी, सरपण गोळा करावें. परंतु अठराव्या शतकांत व त्यानंतर पार्लमेंटच्या कायद्यांनीं देशभर हजारों गांवांच्या सामाईक जमिनींस कुंपणें पडलीं व त्या एकेकाच्या मालकीच्या झाल्या. मग मजुराजवळ हातांपलीकडे कांहीं राहिलें नाहीं. हिवाळ्यांत धान्य झोडपण्याचें काम मिळे, तेंहि मळणीच्या यंत्रांनीं हिरावून घेतलें. १८३० सालीं दक्षिण इंग्लंडांतील मजुरांनीं चवताळून यंत्रें फोडलीं व गंजी जाळल्या. सरकारनें १९ जणांस फांशीं दिलें आणि चारशेंहून अधिकांस समुद्रापार हद्दपार केलें. जमीनदारांच्या मनांत तेव्हांपासून जी भीति बसली, तिचीं फळें टॉलपडलच्या लोकांस भोगावीं लागलीं. त्यांनीं स्वतः कोणाची काडीहि जाळली नव्हती.

गांवांत जॉर्ज लव्हलेस नांवाचा एक नांगऱ्या होता. वय सदतीस वर्षांचें, घरीं बायको व तीन मुलें. शेतावर राबून तो मोठ्या कष्टानें लिहावयास-वाचावयास शिकला होता, आणि त्यानें धर्मविषयक थोडीं पुस्तकेंहि जमविलीं होतीं. तो मेथडिस्ट मंडळीचा बिनपगारी उपदेशक होता. रविवारीं आसपासच्या गांवीं पायीं जाऊन उपदेश करी. त्याचा भाऊ जेम्स हाहि उपदेशक होता. थॉमस स्टँडफील्ड हा त्यांच्या बहिणीचा नवरा. टॉलपडलचे मेथडिस्ट लोक पूर्वीं त्याच्याच घरीं प्रार्थनेस जमत. १८१८ सालीं त्यांनीं मातीच्या भिंतींचें एक लहानसें उपासनागृह बांधलें. पुढें अनेक वर्षें त्याचा उपयोग शेताची कोठी म्हणून होत असे, इतकें तें साधें होतें.

आमच्या उपदेशक बंधूंनीं येथें थोडें थांबून विचार करावा. ह्या मातीच्या खोलींत मजूर काय शिकले? वाचणें शिकले, हें तर झालेंच. पण चार माणसांपुढें उभें राहून बोलावें कसें, दुसऱ्याचें बोलणें ऐकून घ्यावें कसें, वर्गणी गोळा करून पैपैचा हिशेब ठेवावा कसा, नियम करावे आणि ते पाळावे कसे, हें सर्व ते तेथेंच शिकले. जमीनदारास आपल्या मजुरानें स्तोत्र म्हटलेलें चालत होतें. मजुरीची गोष्ट निघाली तेव्हां तोच मनुष्य टोपी काढून पण मान ताठ ठेवून बोलूं लागला, हें मात्र त्यास खपेना.

मजुरीची गोष्ट अशी. १८३१-३२ च्या सुमारास परगण्यांत इतर ठिकाणीं मजुरास आठवड्यास दहा शिलिंग मिळत. टॉलपडलच्या मजुरांनीं मालकांकडे तितकीच मागणी केली. गांवचे पाळक डॉ. वॉरेन ह्यांच्या समक्ष बोलणें झालें, मालकांनीं इतरांइतकें देण्याचें कबूल केलें, आणि मजूर निमूटपणें कामास लागले. पुढें मालकांनीं नऊच शिलिंग दिले. मग आठ. मजूर मॅजिस्ट्रेटांकडे गेले. मुख्य मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रँप्टन ह्यांनीं सांगितलें कीं, मालक देईल तें घेऊन काम करावें. अमुक मजुरी द्यावी असा कायदा नाहीं. मजुरांनीं पाळकांच्या साक्षीकडे बोट दाखविलें. तेव्हां ज्या मनुष्यानें दोन्ही पक्षांचें वचन ऐकलें होतें तो आपण साक्षीदार असल्याचें साफ नाकारूं लागला. लव्हलेसनें हें सर्व पुढें लिहून ठेविलें आहे, आणि त्याच्या लिहिण्यांत मालकांवरील रागापेक्षां पाळकाविषयींचें दुःख अधिक जाणवतें. आम्हांसहि तो त्या संबंध हकीकतींतला सर्वांत वाईट क्षण वाटतो. मजुरी कमी करणारा निदान आपला लोभ लपवीत नव्हता.

मजुरी सात शिलिंगांवर आली, आणि लौकरच सहा होणार असें कळविण्यांत आलें. सात शिलिंगांत कुटुंबाचें भाडें, सरपण, पाव व बटाटे भागविणें प्रामाणिक मनुष्यास शक्य नव्हतें. मग करावें काय? चोरी करावी? रात्रीं गंजीला आग लावावी? लव्हलेस व त्याच्या सोबत्यांनीं हे दोन्ही मार्ग टाकले. कामगारांनीं एकत्र येणें १८२४ सालापासून कायदेशीर झालें होतें. लंडनच्या कामगार संघांचे दोन प्रतिनिधि त्यांनीं बोलाविले, आणि १८३३ च्या शेवटीं ‘शेतमजुरांचा मित्रसंघ’ स्थापन केला. प्रवेशाची वर्गणी एक शिलिंग, पुढें दर आठवड्यास एक पेनी. बळजबरीनें कांहीं करावयाचें नाहीं व सभेंत अभद्र बोलणें-गाणें चालावयाचें नाहीं, असे त्यांचे नियम होते. हे नियम उपासनागृहांतून उचललेले दिसतात.

एक गोष्ट मात्र त्यांनीं त्या काळच्या संघांच्या रीतीप्रमाणें केली. स्टँडफील्डच्या घरीं माडीवर नवीन सभासदांचे डोळे बांधीत, सांगाड्याचें एक चित्र दाखवीत, आणि संघाची गोष्ट बाहेर फोडणार नाहीं अशी शपथ घेववीत. हा प्रकार पोरकट होता असें आम्हांस वाटतें, आणि शपथेविषयीं प्रभूनें डोंगरावर जें शिकविलें तें त्या मंडळीस ठाऊक असतांना त्यांनीं तिच्या भरीस पडावयास नको होतें. परंतु पोरकटपणाची शिक्षा काय असावी?

२४ फेब्रुवारी १८३४ रोजीं पहांटे लव्हलेस कामावर जाण्यास निघाला, तोंच गांवचा शिपाई वॉरंट घेऊन आला. सहा नांवें होतीं: जॉर्ज व जेम्स लव्हलेस, थॉमस स्टँडफील्ड व त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. शेवटले तिघे वीस-बावीस वर्षांचे तरुण. कोणी पळाला नाहीं. सहाहि जण शिपायाबरोबर डॉर्चेस्टरपर्यंत चालत गेले. संघ करणें गुन्हा नव्हता, म्हणून त्यांस पकडण्यासाठीं दुसराच कायदा शोधून काढावा लागला. १७९७ सालीं आरमारांत बंड झालें होतें, तेव्हां बंडखोरांच्या गुप्त शपथा मोडण्यासाठीं पार्लमेंटनें एक कायदा केला होता. नांगऱ्यांवर तो चालविण्यांत आला. संघांत शिरलेल्या एका मजुरानें साक्ष दिली.

मार्च महिन्यांत डॉर्चेस्टर येथें न्यायाधीश विल्यम्स ह्यांच्यापुढें खटला चालला. लव्हलेसनें आपलें म्हणणें थोडक्यांत लिहून दिलें. आम्हीं कायदा मोडला असेल तर तो बुद्धिपुरस्सर नव्हे. कोणाच्या अब्रूस, देहास किंवा मालमत्तेस आम्हीं इजा केली नाहीं. बायकामुलें उपाशी मरूं नयेत म्हणून आम्हीं एकत्र आलों, असा त्याचा आशय होता. सहाहि जणांस सात वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली. हॅमेटविषयीं असें सांगतात कीं, शपथेच्या त्या रात्रीं तो तेथें नव्हताच. त्याचा भाऊ होता. भावाची बायको गरोदर होती, म्हणून तो गप्प राहिला व भावाची शिक्षा त्यानें आपल्या अंगावर घेतली.

गांवांत मागें राहिलेल्या स्त्रियांची स्थिति काय झाली असेल तें ताडावें. त्यांनीं पॅरिशकडे मदत मागितली, ती नाकारण्यांत आली. संघाच्या पैशावर पोट भरा, असा टोमणा त्यांस मिळाला. मेथडिस्ट मंडळीच्या वरिष्ठ पुढाऱ्यांस राजकारणाचा स्पर्श नको होता. त्यांजकडूनहि ह्या आपल्या उपदेशकांस आधार मिळाला नाहीं. मदत आली ती दूरच्या, तोंडओळखहि नसलेल्या कामगारांकडून. २१ एप्रिल रोजीं लंडनांत हजारों कामगार एका मैदानांत जमले, आणि दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन शांतपणें मिरवणुकीनें गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न ह्यांच्या कचेरीकडे गेले. मंत्र्यांनीं मिरवणुकीच्या हातून अर्ज घेतला नाहीं. त्यांनीं तो घेतला असता तर कदाचित् गोष्ट तेथेंच विझली असती. न घेतल्यामुळें ती गांवोगांव पोंचली. कामगारांनीं समिति नेमली, वर्गणी जमविली, आणि सहा कुटुंबांस नियमानें पैसे पाठविले.

इकडे पांच जण न्यू साउथ वेल्समध्यें पोंचले होते. लव्हलेस आजारी पडल्यामुळें त्यास मागाहून व्हॅन डीमेनच्या बेटावर, म्हणजे आतांच्या टास्मानियांत, नेण्यांत आलें. तरुण ब्राइनला वाटेंत लुटारूंनीं नागविलें, आणि ज्या मालकाकडे त्यास दिलें होतें त्यानें दुसरे कपडे दिले नाहींत. सहा महिने तो जोड्यांवांचून व अंथरुणावांचून राबला. १४ मार्च १८३६ रोजीं सरकारनें सहाहि जणांस पूर्ण माफी दिली. परंतु माफी लंडनांत लिहिली गेली आणि ती कैद्याच्या कानीं जाणें ह्यांत अंतर फार. लव्हलेसला ही बातमी वर्तमानपत्रांत वाचावयास मिळाली! तो जून १८३७ मध्यें घरीं आला, चौघे १८३८ त, आणि हॅमेट १८३९ त.

समितीनें जमविलेल्या पैशांतून त्यांस एसेक्स परगण्यांत शेतें खंडानें घेऊन देण्यांत आलीं. तेथेंहि जमीनदारांनीं व पाळकांनीं कुरकूर केली. कांहीं वर्षांनीं पांच कुटुंबें कॅनडांत जाऊन स्थायिक झालीं. ब्राइनचें लग्न स्टँडफील्डच्या मुलीशीं झालें होतें, म्हणजे तीं पांचहि एकाच गोतावळ्याचीं. तिकडे त्यांनीं शेती केली, आणि आपण एकेकाळीं कैदी होतों हें मुलाबाळांसहि फारसें सांगितलें नाहीं. जॉर्ज लव्हलेसनें तेथें सायलोम नांवाचें उपासनामंदिर उभारण्यास हातभार लावला. १८७४ सालीं तो वारल्यावर त्याच ठिकाणीं त्यास पुरलें.

टॉलपडलला परत आला तो एकटा हॅमेट. गवंड्यांच्या हाताखालीं मजुरी करून तो राहिला. म्हातारपणीं दृष्टि गेल्यावर घरच्यांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या अनाथगृहांत गेला, आणि १८९१ सालीं तेथें मरण पावला. शिक्षेला शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९३४ सालीं, इंग्लंडच्या कामगार संघांनीं टॉलपडल येथें वृद्ध शेतमजुरांसाठीं सहा घरें बांधलीं. प्रत्येक घरास त्या सहांपैकीं एकाचें नांव आहे. त्याच वर्षीं हॅमेटच्या कबरेवर एरिक गिल नांवाच्या प्रसिद्ध शिल्पकारानें घडविलेला दगड बसविण्यांत आला. ज्या झाडाखालीं ते मजूर जमत असें सांगतात, तें सिकॅमोर अद्याप हिरवळीवर उभें आहे. जाणकारांनीं त्याचा घेर मोजून त्याचें वय तीनशें वर्षांहून अधिक ठरविलें आहे. दर वर्षीं जुलै महिन्यांत दूरदूरचे कामकरी लोक निशाणें घेऊन त्या गांवीं जमतात, आणि हॅमेटच्या कबरेवर फुलें वाहतात.