बाबा कधी येऊन राहिले?

घरातलं कोणी कामासाठी परदेशी जायचं म्हणतंय, हे लेकरांना आपण सांगायच्या आधीच कळलेलं असतं. आपण दार लोटून, आवाज खाली करून बोलतो. पोरगं बाजूच्या खोलीत गणिताची वही पुढ्यात घेऊन सगळं ऐकत असतं. त्यानं विचारलं की आपलं ठरलेलं उत्तर, "काही नाही रे, तू अभ्यास कर."

पोटासाठी घर सोडणं आपल्या भागाला नवं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातातच. पण मिरची संपली की ती परत येतात. आखाताचा करार बहुधा दोन वर्षांचा. सिरोंच्याची नदी ओलांडून पुढे करीमनगर-जगित्यालकडे गेलं, की गावोगाव कोणी ना कोणी आखातात आहेच. आता आपली आयटीआय झालेली, सिमेंट कारखान्यात कंत्राटावर राबलेली पोरंही चौकशी करतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सबाईंच्या घरीही हा विषय निघतो. म्हणजे जाणारी आईही असू शकते.

कागदांचे प्रश्न विचारायलाच हवेत. एजंट सरकारच्या ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का? सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त त्याला घेता येत नाही. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, पुढचं पाहू" म्हणाला, तर तिथूनच उठावं. दहावी न झालेल्याला आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते, आणि तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते. अपघाती मृत्यूला १० लाख. वाचताना पोटात गोळा येतो, पण वाचून ठेवावं.

हे सगळं आपण विचारतो. लेकराचे प्रश्न मात्र राहून जातात.

पहिला प्रश्न, "मी पण येऊ?" रडू थांबवायला आपण पटकन म्हणतो, "बाबा तिकडे स्थिर झाले की तुलाही नेतील." आता बघा, संयुक्त अरब अमिरातीत कुटुंबाला न्यायचं तर पगार ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० आणि राहायला घर. साध्या वेल्डर-फिटरला सहसा एवढं मिळत नाही. मग ही आशा कशाच्या जोरावर लावायची? "नाही येता येणार" हे ऐकून मूल एक दिवस रडेल. "नेतो" ऐकलं, तर ते रोज वाट पाहील.

दुसरी गोष्ट, गुपचूप निघणं. माझी बहीण बल्लारपूरला असते. भाऊजी पहाटे निघाले, पोरगं झोपलेलं. उठवलं तर गोंधळ घालेल म्हणून कोणी उठवलं नाही. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. पण नंतर कित्येक दिवस ते रात्री झोपायलाच तयार होईना. आपण झोपलो की कोणी तरी जातं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. उठवा, पोटाशी धरा. रडू द्या, स्वतःही रडा.

आणि फोन. आपल्याला वाटतं, व्हिडिओ कॉल आहे की! पण दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, सौदी-कतारचं अडीच. लेकराचे डोळे मिटायला लागतात नऊला, तेव्हा तिकडे साडेसात. बाबा साईटवरून कॅम्पला परतणाऱ्या बसमध्ये, घामानं थबथबलेले. म्हणून रोजचा कबूल करू नका. सुट्टीच्या दिवशीचा एकच करा, पण तो चुकवू नका. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो, नेटवर्कचाही भरवसा नाही. पावसाळ्यात फोन लागला नाही, तर बाबा रागावले म्हणून नाही, हे लेकराला आधीच सांगून ठेवावं.

मागे राहणारी तर दमतेच. शाळा, सासूबाईंची औषधं, बँकेचा हप्ता, सगळं एकटीवर. मग संध्याकाळी तोंडून निघतंच, "थांब, बाबांचा फोन येऊ दे, सांगते तुझं." आपण सगळ्याच म्हणतो. पण असं रोज झालं की फोनचं पोलीस ठाणं होतं. रिंग वाजली की पोरगं मोरीत लपतं, आणि तिकडे बाप विचारतो, माझ्याशी बोलत का नाही?

निर्णय मोठ्यांनीच घ्यावा, तो लेकरावर टाकू नये. कर्जाचा हप्ता, तिकडचा खर्च नि हातात उरणारी रक्कम मांडल्यावर कधी "नकोच" असंही निघतं. त्यात लाज कसली? जायचंच ठरलं, तर तिकीट काढण्याआधी एकदा लेकराला जवळ घ्या नि म्हणा, "तुला काय विचारायचं ते विचार." पगाराचं ते विचारणारच नाही. तान्ह्या पोळ्याला माझा नंदी कोण सजवणार, असलं काही तरी निघेल. मामा सजवेल म्हणायचं असेल, तर मामाला आधी विचारून ठेवा.