आधी पाकीट शोधावं

अनिकेत,

आरे कॉलनीत कुत्रं झोकांड्या खात कोसळलं की पहिला संशय घोणशीवर जातो. गवत, दगड आणि उंदीर असलेल्या जागी तो रास्तच. पण तुझी भटकी कुत्री ज्या रस्त्याकडेला उकिरडा चिवडतात, तिथंच शुगर-फ्री च्युइंगमची पाकिटंही पडतात. दंशाची खूण शोधताना तीही शोधावीत.

पाकिटावर झायलिटॉल या गोडी आणणाऱ्या पदार्थाचं नाव किंवा त्याचा 967 हा आकडा दिसला तर घाई करावी. चहात टाकायच्या सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्यांनी असं विष चढत नाही. ‘शुगर-फ्री’ या एका नावाखाली सगळं खपतं, हाच घोळ आहे. झायलिटॉल माणसाला सहसा बाधत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजतं आणि भसाभस इन्सुलिन सोडतं. जपानी संशोधकांनी हे 1966 सालीच दाखवलं होतं.

दर किलो वजनामागे 0.1 ग्रॅम झायलिटॉलनं रक्तातली साखर कोसळू शकते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम पुरे, आणि काही च्युइंगमच्या एकेका गोळीत तेवढं असतं! उलटी, मरगळ, लटपटणारे मागचे पाय, मग झटके. अर्ध्या तासात सुरू होतं, च्युइंगम सावकाश विरघळला तर बारा तासही लागतात.

खाल्लेलं कळताच, लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. मीठ पाजून उलटी काढू नये. कोळशाची पूडही या विषाला फारशी धरत नाही. कुत्रं लटपटत असेल तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळावा. शुद्ध नसेल तर घशात काही ओतू नये. ही सोय रस्त्यापुरती. खरा उपचार म्हणजे शिरेतून डेक्स्ट्रोज आणि तासातासानं साखर तपासणं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आरेपासून लांब पडतं, म्हणून जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री सलाईन लावतात, ते आजच विचारून ठेव.

साखर सावरली म्हणून लगेच दवाखान्यातून परत आणू नये. झायलिटॉल दर किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं की यकृताला धोका. 2006 साली अमेरिकेत यकृत निकामी झालेल्या आठ कुत्र्यांची नोंद छापली गेली. त्यांतली पाच वाचली नाहीत. दोन-तीन दिवस रक्ततपासणी, पिवळे डोळे आणि काळी शी यांवर लक्ष हवं.

पाकीट सोबत ने. उरलेल्या गोळ्या मोजल्या की डॉक्टरांना मात्रेचा अंदाज येतो.

तुझा मामा