लिटलफिंगरच्या मनात होतं तरी काय?

प्रश्न: जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचे पहिले तीन खंड वाचून संपवले. ज्या मृत्यूचा छडा लावायला नेड स्टार्क राजधानीत जातो, तो खून लिटलफिंगरने घडवून आणला होता, हे तिसऱ्या खंडाच्या अगदी शेवटी अचानक समोर येतं. तोवर कुठेच सुगावा लागू दिला नाही, ही वाचकाची फसवणूक नाही का? आणि त्या माणसाला हवं तरी काय होतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: (ज्यांना या कादंबऱ्या अजून वाचायच्या आहेत, त्यांनी हे उत्तर बाजूला ठेवावं.)

फसवणूक मुळीच नाही. 1996 साली आलेल्या पहिल्याच खंडात मार्टिन यांनी हा सुगावा दिलेला आहे, पण अशा वेळी, की आपलं लक्ष भलतीकडे असतं.

वॉल्डर फ्रेच्या पुलाचा प्रसंग आठवा. नेडच्या मुलाला, रॉबला, सैन्य नदीपार न्यायचं आहे, नेड कैदेत आहे आणि नेडची बायको कॅटलिन पुलाचा सौदा करायला गढीत गेली आहे. म्हातारा फ्रे जुनी गाऱ्हाणी उगाळत बसतो. त्यातलं एक असं, की कॅटलिनची बहीण लायसा हिचा मुलगा आपल्याकडे वाढायला द्या म्हणून त्याने मागणी घातली होती. ती नाकारली गेली, कारण मुलगा म्हणे ड्रॅगनस्टोनला राजाच्या भावाकडे, स्टॅनिसकडे जायचा होता. कॅटलिन चमकते. तिने तर ऐकलेलं असतं, की मुलगा टायविन लॅनिस्टरकडे जाणार होता. फ्रे चिडून सांगतो, नाही, स्टॅनिसकडेच. आणि बोलणं पुन्हा पुलावर येतं.

खुनाचं कारण तिथेच आहे. मुलाला स्टॅनिसकडे पाठवायचं खुद्द त्याच्या बापाने, म्हणजे ज्याचा खून झाला त्या जॉन ॲरिनने ठरवलं होतं. कितीतरी गर्भपातांनंतर हाती लागलेला हा एकुलता मुलगा आपल्यापासून तुटणार, या धास्तीने लायसा सैरभैर झालेली. लिटलफिंगरने, म्हणजे पीटर बेलिशने, नेमकी तीच नस दाबली. लायसा लहान वयापासून त्याच्यावर जीव टाकत होती. तिच्याच हातून त्याने नवऱ्याच्या मद्यात विष कालवून घेतलं आणि तिच्याच हातून कॅटलिनला पत्र लिहवून घेतलं, की हा खून लॅनिस्टरांनी केला. पत्र दोघी बहिणींच्या लहानपणीच्या गुप्त भाषेत होतं. सख्ख्या बहिणीने जिवाच्या भीतीने असं लिहिल्यावर कॅटलिनने शंका कुठून घ्यावी?

दुसरा धागा खंजिराचा. कॅटलिनचा मुलगा ब्रॅन याला मारायला आलेल्या माणसाच्या हातातला खंजीर आपण टिरियन लॅनिस्टरशी लावलेल्या पैजेत हरलो, असं बेलिश कॅटलिनला सांगतो. तेवढ्यावर ती टिरियनला वाटेत पकडते आणि युद्धाला तोंड फुटतं. पुढे डोंगरातल्या वाटेवर टिरियन ही गोष्ट खोडून काढायला लागतो, तेवढ्यात टोळीवाले तुटून पडतात. चकमक आटोपल्यावर तो बोलणं पुरं करतो, की आपण आपल्या घराण्याविरुद्ध कधीच पैज लावत नाही. बेलिशची थाप उघडी पडली होती, पण तोवर टिरियनला सोडून माघार घेण्याची वेळ कॅटलिनच्या हातून निघून गेली होती. ध्यानात घ्या, तो मारेकरी बेलिशने पाठवलेला नव्हता. दुसऱ्याने केलेल्या कृत्यावर त्याने आपली पोळी भाजून घेतली.

मला या रचनेतली सगळ्यात मोठी करामत वेगळीच वाटते. लॅनिस्टर निर्दोष नाहीत. राणी सर्सी आणि जेमी या बहीणभावाचे संबंध, त्यांतून झालेली राजाची म्हणवली जाणारी मुलं, ब्रॅनला खिडकीतून ढकलणं, हे सगळं खरं आहे. त्यामुळे नेड शोध घेतो तेव्हा त्याला खरोखरच एक भयंकर गुपित सापडतं आणि जॉन ॲरिनचा जीव त्यापायीच गेला, अशी त्याची खात्री होते. खोटा आळ खऱ्या पापाला चिकटवला, की तो तपासून पाहायची गरज कुणालाच वाटत नाही. आपल्यालाही वाटली नाही.

त्यात निवेदनाची पद्धत. पहिल्या खंडाचा उपोद्घात सोडला तर प्रत्येक प्रकरण आठांपैकी एका पात्राच्या नजरेतून येतं. त्यांत बेलिश नाही आणि हेरांचा म्होरक्या वॅरिसही नाही. आपल्या ‘मुद्राराक्षसा’त विशाखदत्ताने याच्या उलट केलं. तिथे चाणक्य पहिल्याच अंकात आपला बेत बोलून दाखवतो आणि तो तडीला कसा जातो हे पाहण्यात नाटकाचा रस आहे. मार्टिन यांनी डाव चालवला, पण खेळणाऱ्याचं मन बंद ठेवलं.

आता त्याला हवं काय होतं? कॅटलिनवरचं प्रेम हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं. फिंगर्सच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या एका क्षुल्लक जहागीरदाराचा हा मुलगा. रिव्हररनला कॅटलिनच्या माहेरी वाढला, तिच्यासाठी, तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं त्या ब्रँडन स्टार्कशी द्वंद्व खेळला आणि जबर जखमी झाला. तलवार आणि कूळ दोन्ही आपल्याकडे नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग त्याने हिशेबाच्या वह्या धरल्या. लायसाच्या शब्दाखातर जॉन ॲरिननेच त्याला गलटाउनच्या जकातीवर नेमलं आणि पुढे दरबारात आणलं. खजिन्याचं उत्पन्न त्याने वाढवलं, पण त्याच्या कारकिर्दीत राजा साठ लाखांहून अधिक सुवर्णमुद्रांचा कर्जदार झाला. बंदरं, जकात, कर-वसुली, सगळीकडे त्याची माणसं बसली. नेडला सिंहासनासमोर दगा देणारे शहराचे शिपाई त्यानेच फोडले होते, हे इथे विसरू नका.

राजा जॉफ्रीच्या खुनात तर तो पार नामानिराळा राहिला. याच राजाकडून त्याला हॅरनहॉल मिळालेलं, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला कारणच नाही. शिवाय तो लायसाशी लग्न करायला म्हणून राजधानी सोडून गेलेला. विषाचा खडा मात्र कॅटलिनची मुलगी सान्सा हिच्या केसांच्या जाळीतून मेजवानीत पोचला. ज्याचा उघड फायदा नाही त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही, हे त्याचं गणित तो सान्सालाच समजावून सांगतो.

चौथ्या खंडात, म्हणजे 2005 च्या ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये, ॲरिनांच्या व्हेल प्रांताच्या वारसाशी सान्साचं लग्न लावून तिला स्टार्कांचं विंटरफेल परत मिळवून द्यायचा बेत तो बोलून दाखवतो. हा बेत पुरा आहे असं मला वाटत नाही, कारण याच माणसाने तिला आपली मुलगी म्हणून लपवलं आहे आणि तिच्या चेहऱ्यात तो कॅटलिनला शोधतो आहे. या कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिकेने 2017 मध्ये त्याचा निकाल लावला, तो कादंबरीचा निकाल समजू नये. 2011 च्या पाचव्या खंडानंतर सहावा अजून आलेला नाही. मात्र लायसाला त्याने कड्यावरून ढकललं ते सान्साने पाहिलं आहे, विषाची हकीकत तिने ऐकली आहे, आणि त्याच्याजवळ राहणारी, जिच्या मनात आपल्याला प्रवेश आहे अशी तीच एकटी उरली आहे. पुढचे खंड वाचताना तिच्या प्रकरणांत तो तिला काय शिकवतो याबरोबर काय सांगायचं टाळतो, तेही टिपून ठेवा.