तारीख, तिथी आणि नवज्वर : मंगलप्रसंगीच्या सौम्य ज्वराचा विचार



"डॉक्टर, उद्या आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, उद्यापुरते उभे करा," असे म्हणत येणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल. नाक वाहत असते, अंग मोडून आलेले असते, ताप शंभराच्या आतबाहेर असतो. व्याधी सौम्य असते, परंतु पाहुणे बोलावलेले असतात, हॉटेल ठरलेले असते. अशा रुग्णास काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याचे निमित्त आमच्याच घरी घडले, म्हणून आधी ते सांगतो.

प्रसंग

आमचा विवाह मार्च महिन्यातला. शिशिर सरून वसंत लागण्याचा हा संधिकाल. सोलापुरात या दिवसांत दुपारचे ऊन तापू लागते, पहाटे मात्र अजून गारवा असतो. शिशिरात साचलेला कफ या काळात पातळ होऊन प्रतिश्याय, कास, ज्वर यांचे रुग्ण वाढतात, हे आपणास ज्ञात आहेच.

विवाहाच्या बाराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आम्हांस प्रतिश्याय झाला. शिर जड, अंगमर्द, तोंडास चव नाही, भूक नाही, तापमापकावर 99.6 अंश फॅरनहाइट. सामज्वराची लक्षणे स्पष्ट होती. तरीही त्रिभुवनकीर्तीची मात्रा घेतली. थोडा स्वेद आला, अंग हलके वाटले आणि त्यालाच आम्ही ज्वरमुक्ती समजलो. पहाटे अभ्यंगस्नान केले. दुचाकीवरून सपत्नीक श्री सिद्धरामेश्वरांच्या दर्शनास गेलो. दुपारी श्रीखंड-पुरीचे जेवण, त्यावर दोन तास झोप, रात्री मित्रपरिवारासह वातानुकूलित हॉटेलात भोजन व शेवटी आईस्क्रीम.

तिसऱ्या दिवशी ज्वर 102 अंशांवर गेला, कास उरात उतरला आणि चिकित्सालय आठ दिवस बंद राहिले. एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आमच्या उशाशी बसून शुश्रूषा करणाऱ्या सत्तरीच्या मातुःश्रींना तोच ज्वर झाला. त्यांना श्वास लागू लागला व चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्या बऱ्या झाल्या. पण रोज पहाटे तळ्याकाठी फिरावयास जाण्याचा त्यांचा नेम तेव्हा मोडला, तो पुन्हा सुरू झाला नाही.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सेत नवज्वरी वर्ज्य गोष्टींची यादी दिली आहे. दिवास्वाप, स्नान, अभ्यंग, अन्न, मैथुन, क्रोध, प्रवात म्हणजे जोराचा वारा, व्यायाम आणि कषाय. पदवी अभ्यासक्रमात ही यादी आपण सर्वांनी पाठ केली आहे. त्या दिवशीच्या आमच्या कार्यक्रमाशेजारी ती ठेवून पाहावी. अभ्यंग, स्नान, दुचाकीवरील वारा, जड अन्न, दुपारची झोप. जणू यादी हाती घेऊनच आम्ही दिवस आखला होता. लग्नाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आणि नवज्वरातील अपथ्य ही बहुतांशी एकच गोष्ट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे 'एका दिवसाने काय होते' या प्रश्नाचे उत्तर मिळते.

यामागील कारण असे. ज्वरात दोष आमाशयात आश्रय घेऊन आमाशी संयुक्त होतात, स्रोतसांचा रोध करतात आणि अग्नीला स्थानभ्रष्ट करतात. अशा वेळी श्रीखंडासारखे गुरु, स्निग्ध, अभिष्यंदी अन्न घेतले असता ते पचत नाही, आमातच भर पडते. म्हणून आरंभी लंघन सांगितले आहे. मात्र हे लंघन बलास बाधक होता कामा नये, हेही आचार्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. बालक, वृद्ध, गर्भिणी व क्षीण रुग्ण यांना उपवास घडवू नये. लघु आहार द्यावा. मधुमेहाची आधुनिक औषधे चालू असलेल्या रुग्णास परस्पर उपाशी ठेवणे धोक्याचे आहे.

चिकित्साक्रम

यंदा अठराव्या वाढदिवशी योग असा आला की, पुन्हा आदल्या दिवशी प्रतिश्याय व ज्वर. त्याच सकाळी शहराच्या पूर्व भागातील एक टॉवेल-कारखानदार हीच तक्रार व हेच कारण घेऊन आले होते. त्यांना आम्ही लंघनाचे महत्त्व सविस्तर सांगितले आणि घरी येऊन हॉटेलास दूरध्वनी करून जागा पक्की आहे ना, याची खात्री करू लागलो. सौभाग्यवतींनी ते ऐकले. म्हणाल्या, "अहो, सकाळच्या रुग्णाला काय सांगितलंत? आणि आईंना या वेळी कोण सांभाळणार?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. जागा रद्द केली. त्यानंतर जो क्रम पाळला, तो येथे देतो.

पहिला दिवस : भूक नसल्याने अन्न नाही. तहान लागेल तेव्हा षडंगपानीय. मुस्ता, पर्पटक, उशीर, रक्तचंदन, उदीच्य व शुंठी यांचे समभाग भरड चूर्ण 10 ग्रॅम, 640 मिलिलिटर पाण्यात उकळून निम्मे उरवावे व गाळून घ्यावे. शार्ङ्गधरांनी पानार्थ सांगितलेले एकास चौसष्ट हे प्रमाण यात साधते. नवज्वरात कषाय वर्ज्य असताना हे कसे चालते, अशी शंका येईल. हे पानीय विरल असून तृष्णा व ज्वर यांच्या शमनासाठी आहे. दाट क्वाथाशी त्याची गल्लत करू नये.

दुसरा व तिसरा दिवस : क्षुधा जागृत होताच मंड, नंतर पेया, सुंठ व सैंधव घालून. पुढे विलेपी व मुगाचे यूष. मल-मूत्र-वाताचे सुखपूर्वक विसर्जन, गात्रलाघव, शुद्ध उद्गार, रुची आणि भूक-तहान एकाच वेळी लागणे ही सम्यक् लंघनाची लक्षणे दिसल्याशिवाय पुढची पायरी चढू नये.

विलगता : 2020 सालच्या साथीने सौम्य लक्षणांचा रुग्णही इतरांस बाधा देऊ शकतो, हे घरोघरी शिकविले. आम्ही स्वतंत्र खोलीत राहिलो. मातुःश्रींनी दारातूनच औक्षण केले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक सौम्य ज्वर प्रतिश्यायाचाच असेल असे नाही. डेंग्यूमध्ये ज्वर उतरण्याच्या सुमारासच, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, धोक्याची अवस्था येऊ शकते. ताप गेला म्हणून जेवणावळीस निघालेला रुग्ण त्याच वेळी संकटात असू शकतो. तीव्र उदरशूल, वारंवार वमन, हिरड्या वा नाकातून रक्तस्राव, अतिग्लानी, श्वास लागणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधालयचालकांसाठी

'उद्यापुरते उभे करा' ही मागणी वैद्यापेक्षा अधिक वेळा औषधालयाच्या फळीवर होते. त्रिभुवनकीर्तीत हिंगुळ व वत्सनाभ असून धत्तुररसाची भावना असते. अशा द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकास वाचून दाखवावी आणि चिठ्ठीशिवाय मात्रा देऊ नये. सितोपलादि चूर्ण निरुपद्रवी म्हणून सर्रास दिले जाते. परंतु त्याच्या 31 भागांपैकी 16 भाग खडीसाखर असते. मधुमेही ग्राहकास हे सांगणे आपले कर्तव्य आहे. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके कोणी स्वतःहून घेत असेल, तर त्यासही थांबवावे.

वैद्य स्वतः रुग्ण असता

रुग्णास पथ्य सांगणारा वैद्य स्वतः मात्र त्यास अपवाद समजतो, हा आपल्या व्यवसायाचा जुना दोष आहे. याबाबत सोलापूरकरांस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण होते. 1910 साली याच शहरात जन्मलेले कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथे 1941 च्या अखेरीस परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1942 च्या ऑगस्टमध्ये पुत्र इनहुआ जन्मला. युद्धभूमीवरील अतिश्रमांनी प्रकृती ढासळली, अपस्माराचे झटके येऊ लागले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, विवाहास वर्ष होते न होते तोच, वयाच्या 32 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यापुढे जखमी सैनिकांच्या रांगा होत्या; त्यांचा त्याग वंदनीयच आहे. आमच्यापुढे केवळ श्रीखंडाची वाटी होती. तिच्यासाठी प्रकृती पणास लावून आपण त्याला उत्साह म्हणत असू, तर ती आत्मवंचना होय.

उपसंहार

वाढदिवसाचा आनंद वर्ज्य नाही. मनाची प्रसन्नता व्याधीत हितकरच असते. पत्नीने माळलेला गजरा, दारातले औक्षण, जुन्या छायाचित्रांचे दर्शन यांस कोणतेही शास्त्र आडवे येत नाही. शिवाय आपल्या परंपरेने एक सोय आधीच करून ठेवली आहे. विवाहाचा वाढदिवस तारखेने येतो, तसा तिथीनेही येतो. यंदा आमची तारीख पेयेवर गेली. तिथी अकरा दिवसांनी होती. तोवर अग्नी पूर्ववत झाला होता. त्या दिवशी पुरणपोळी झाली आणि मातुःश्री पंक्तीस होत्या.

ते कारखानदारही दहा-बारा दिवसांनी भेटून गेले. त्यांनीही कार्यक्रम पुढे ढकलला होता. "तुम्ही सांगितलं म्हणून ऐकलं," असे ते म्हणाले, तेव्हा त्या दिवशी घरी जाऊन आपण काय करणार होतो, हे आम्ही त्यांना सांगून टाकले. कार्यक्रमाचा दिवस पुढे ढकलता येतो, व्याधीची अवस्था ढकलता येत नाही. एवढे रुग्णाच्या गळी उतरविता आले तर 'उद्यापुरते उभे करा' या मागणीस नकार देणे अवघड जात नाही. मात्र तो नकार आधी स्वतःस देता आला पाहिजे.