कुरराच्या चोचीतला तुकडा



गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिरात एकनाथी भागवताचं वाचन झालं. यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद त्यात सातव्या अध्यायात सुरू होतो आणि नवव्यात संपतो. चोवीस गुरूंची ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. मूळ भागवतात त्या अवधूताचं नाव दिलेलं नाही, परंपरेने ते दत्तप्रभूच असं मानलं. वाचन झाल्यावर अंकाच्या मंडळींनी मला गाठलं. म्हणाले, "तुम्ही बँकेत होतात, 'पुरे' या विषयावर लिहा." मी कॉमर्सचा पदवीधर, संस्कृत यथातथाच. शास्त्रार्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. चोवीसांतले दोन-तीन गुरू मला कसे कळले तेवढं लिहितो, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आधी यदूचा प्रश्न बघा. सगळे लोक काम-लोभाच्या वणव्यात होरपळत आहेत आणि तुम्ही मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे शांत, हे कसं? विचारणारा राजा आहे. राज्य, खजिना, सैन्य सगळं असलेला माणूस अंगावर धड वस्त्र नसलेल्याला विचारतो आहे. माझ्या मते अर्धा धडा इथेच आहे.

मधमाशी दोनदा गुरू होते. एकदा चांगल्या अर्थाने: ती प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेते, फुलाला इजा करत नाही, तसं संन्याशाने दारोदारी थोडं थोडं घ्यावं. मधुकर म्हणजे भुंगा, त्यावरूनच आपला माधुकरी शब्द. दुसऱ्यांदा ती गुरू होते ती चुकीमुळे. ती साठवते आणि साठवलेल्यासकट नष्ट होते. म्हणून अवधूत म्हणतात, संध्याकाळसाठी, उद्यासाठी राखू नये. हात हेच ताट आणि पोट हेच कोठार.

माझे वडील मिरजेत वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ते सांगायचे, "अजून वाढू का?" असं विचारलं की भूक असली तरी "पुरे" म्हणायचं, कारण पुढच्या सोमवारी त्याच पाटावर बसायचं असतं. त्यांचं ते 'पुरे' समाधानाचं नव्हतं, लाजेचं होतं. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी आमच्या घरी वर्षाला लागतील त्याहून दोन पोती गहू जास्तच भरले. दरवर्षी. शेवटी पोरकिडे व्हायचे आणि आई उन्हात पसरून निवडत बसायची. त्यांना कोणी भागवत ऐकवलं असतं तर ते हसले असते. उपाशी राहिलेल्या माणसाला 'कमी ठेवा' सांगणं सोपं नाही, आणि सांगूही नये असं मला वाटतं.

पण मी उपाशी राहिलेलो नाही. माझ्याकडे सबब नाही.

बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच सेव्हिंग्जच्या काउंटरवर. जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी बचत खात्यावर व्याज कसं लागायचं. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर. मध्ये लाखभर येऊन गेले तरी उपयोग नाही. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर झालं, लोक खूश झाले. मला मात्र जुनी पद्धत मनातून पटायची. माणसाची ऐपत त्याच्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजावी, किती कमी असताना त्याची झोप मोडत नाही यावर.

आणि मधमाशीचं म्हणाल तर ती मी काउंटरवर रोज बघितली. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम आता रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते, २०१४ पासून. वारसांना नंतरही मागता येते, पण आधी खातं आहे हे तरी माहीत हवं ना! मुलांना कळू नये म्हणून पासबुक तांदळाच्या डब्यात ठेवणारे ठेवीदार मी पाहिलेत. ते गेले आणि डबा भंगारात गेला. हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी करावं, या आठवड्यात आपल्या प्रत्येक खात्याला नॉमिनी आहे का बघावं, आणि घरात एकाला तरी सांगून ठेवावं.

कोणी म्हणेल, अवधूत संन्यासी, आपण संसारी. बरोबर आहे. आपला संप्रदाय लक्ष्मीचा द्वेष करणारा नाहीच. गुरुचरित्रात अठराव्या अध्यायात घेवड्याच्या वेलाची कथा आहे. अमरापूरचा तो गरीब ब्राह्मण, भिक्षा मिळाली नाही की घेवड्याच्या शेंगांवर दिवस काढणारा. महाराज भिक्षेला आले, तीच भाजी जेवले आणि जाताना वेल उपटून गेले. बाई रडू लागली. वेलाचं मूळ खणताना धनाचा हंडा लागला. आपण सगळे हंड्यापाशी थांबतो. मी आता त्या ब्राह्मणापाशी थांबतो. वेल उपटला तेव्हा हंडा अजून दिसलेला नव्हता, आणि तरी तो बायकोला समजावत होता, महाराजांना दोष देऊ नकोस म्हणत होता. मला ते जमलं नसतं. हे उगाच लिहीत नाही.

आता कुरर. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो येतो. चोचीत मांसाचा तुकडा घेऊन उडणाऱ्या कुररावर दुसरे बलवान पक्षी तुटून पडतात. तो जीव वाचवत पळतो, ते टोचत राहतात. मग तो तुकडा टाकून देतो आणि एकदम शांतता. (काही पुस्तकांत याला टिटवी म्हटलंय. टिटवी मांसाचा तुकडा घेऊन उडत नाही. हा कुणी शिकारी पक्षीच असला पाहिजे.) लहानपणी मला वाटायचं, बिचारा उपाशी राहिला. बाकीच्या पक्ष्यांचं त्याच्याशी वैर नव्हतंच, तुकड्याशी होतं, हे वाचनाच्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरलं.

आमच्या गावच्या घरामागे सहा गुंठे जागा आहे. वडिलांच्या पश्चात दोघा भावांची. धाकटा गावीच राहतो, त्याने तिथे गोठा बांधला, मला न विचारता. मी चिडलो. मोजणी मागवली, वकील केला, तारखा घेतल्या. नऊ वर्षं झाली. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. हिने तिच्यासाठी घेतलेली पैठणी अजून कपाटात आहे. मला पेन्शन आहे, दोन खोल्यांचं घर आहे, मुलगा स्वतःच्या पायावर उभा आहे. त्या जागेत मी एक मिरचीचं रोप लावणार नाही. तरी रात्री दोनला जाग आली की मनात तीच मोजणी, तेच खुंट. खर्चाची वही माझ्याच हातची आहे. वकील, नकला, जाणं-येणं मिळून रक्कम त्या जागेच्या निम्म्यावर गेली होती. क्लार्क असूनही ती बेरीज मी नऊ वर्षं मारली नव्हती.

घरी बोललो तर ही म्हणाली, "आता सुचलं! पण मुलाला विचारा, त्याचाही हक्क आहे." रास्त होतं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मला गोठ्याचं काय करायचंय?" मग हक्कसोडपत्र करायचं ठरलं. त्याची नोंदणी करावी लागते, कच्च्या कागदावर चालत नाही. दुय्यम निबंधकांकडे दोन साक्षीदार घेऊन गेलो. दावा मागे घेण्याचा अर्ज दिला. वकीलसाहेब जरा नाराज दिसले.

मोठेपणा घेतोय असं कोणी समजू नये. सही करताना हात अडखळला. 'त्याने आधी माफी मागायला हवी होती' हे वाक्य अजून आत आहे. म्हणजे मांसाचा तुकडा टाकला, पण चोच पूर्ण उघडलेली नाही. बाहेर आल्यावर चहा घेतला, आणि त्या रात्री मात्र पहाटे पाचपर्यंत झोप लागली, हे खरं.

नोंदणी झालेल्या पत्राची प्रत रजिस्टर पोस्टाने भावाला पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली, दत्तजयंतीला वाडीला येतोय, पालखीच्या वेळी घाटावर असेन. पैठणीही आणतोय. पोचपावती आली आहे, त्यावर सही त्याचीच आहे. अक्षर ओळखलं, 'र' अजून वडिलांसारखाच काढतो. फोन आलेला नाही.