'मॅजेस्टी' : एका शब्दाचा प्रवास

इंग्रजीच्या पाठात राजाची गोष्ट आली, की 'युवर मॅजेस्टी' हे संबोधन हटकून भेटते. विद्यार्थी त्याचा अर्थ 'महाराज' असा लिहितात. तो चुकीचा नाही; अपुरा आहे. राजवैभव, भव्यता, पाहताच मस्तक नमावे असा भारदस्तपणा, या साऱ्या अर्थच्छटा 'मॅजेस्टी'त आहेत. हिमशिखरांच्या वर्णनातही हा शब्द योजतात. परंतु त्याची प्रतिष्ठा राजापासून सुरू झालेली नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

मूळ शब्द लॅटिन 'मायेस्तास'. 'मायोर' म्हणजे 'अधिक मोठा'. त्याच शब्दाशी निगडित असे हे भाववाचक नाम. सैन्यातील 'मेजर' आणि नगराचा 'मेयर' हेही याच कुळातले. भाषाशास्त्र आणखी मागे नेते. 'मोठा' या अर्थाचा लॅटिन 'माग्नुस' आणि संस्कृत 'महत्' यांचे मूळ एकच. म्हणजे 'महाराज' आणि 'महिमा' हे 'मॅजेस्टी'चे दूरचे आप्तच होत.

रोमच्या गणराज्यात हे मोठेपण कोणाचे मानले जाई? जनतेचे. 'रोमन जनतेची मायेस्तास' हा रूढ शब्दप्रयोग होता आणि तिला उणेपणा आणणे हा कायद्याने गुन्हा होता. पुढे गणराज्य लयास गेले, सम्राट आले. टायबेरियसच्या कारकिर्दीत (इ. स. 14 ते 37) सम्राटाविषयी अनुदार उद्गार काढणाऱ्यांवरही याच गुन्ह्याचे खटले चालले. शब्द तोच राहिला, धनी बदलला. लोकद्रोहाचा राजद्रोह झाला. नंतर फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत उतरला आणि आठव्या हेन्रीच्या काळात (1509 ते 1547) इंग्लंडच्या राजाचे संबोधन म्हणून दृढ झाला.

राजवैभवाकडे पाहण्याची निराळी दृष्टी आपल्या भूमीत फार पूर्वी कोरली गेली आहे. सोपारा येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी विहारयात्रेला निघत. अशोकाने संबोधीच्या स्थानाला भेट दिली आणि त्यांच्या जागी धम्मयात्रा आल्या. श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट, ग्रामीण जनांशी धम्मचर्चा, असे त्यांचे स्वरूप त्या लेखात सांगितले आहे. येथे राजाची थोरवी लोकांच्या मुजऱ्यात नाही, लोकांकडे वळलेल्या त्याच्या पावलांत आहे.

26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या संविधानाची उद्देशिका राजाच्या नव्हे, लोकांच्या नावाने सुरू होते. कलम 18 ने किताबांची प्रथा संपवली. ज्या समाजाच्या पूर्वजांना गावापुढे वाकून जोहार घालावा लागे, त्याच समाजातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते.

म्हणून वर्गात 'मॅजेस्टी' शिकवताना अर्थाबरोबर हा इतिहासही सांगावा. मोठेपण प्रथम जनतेचे होते. ते एकदा हिरावले गेले. पुन्हा जाऊ नये यासाठी जागे राहणे हे शिकलेल्यांचे काम आहे.